व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर

अंतर्ज्वलन एंजिनातील झडपेची स्प्रिंग दाबून धरण्याचे हत्यार. स्प्रिंग दबली की तिच्यावरची वाटी सरकते, झडपेच्या दांड्यावरील खाचेत अडकलेली दोन अर्धगोल लॉक मोकळी होतात आणि झडप बाहेर काढता येते.

गॅरेजांत व आयटीआयच्या वर्गांत ‘व्हॉल्व्ह लिफ्टर’ हे नावही चालते. अमेरिकी परिभाषेत लिफ्टर म्हणजे टॅपेट, अर्थात कॅमची (फिरत्या दांड्यावरील उंचवट्याची) हालचाल झडपेकडे पोहोचवणारा भाग. त्यामुळे काहींना हे नाव अशुद्ध वाटते. ते तसे नसावे. जुन्या साइड-व्हॉल्व्ह एंजिनांत झडपा हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) नसून ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य भागात), दांडा खाली करून बसत. तेथे स्प्रिंग दाबायची म्हणजे तिची खालची वाटी खरोखरच वर उचलावी लागे. नाव त्या काळातून आले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. हत्याराची गरजही साधारण विसाव्या शतकाच्या आरंभीची धरावी लागते. त्यापूर्वीच्या, द दियाँ-बूताँ या फ्रेंच कंपनीच्या एंजिनांसारख्या एंजिनांत आत घेणारी झडप केवळ शोषणाने उघडे, म्हणून तिची स्प्रिंग मुद्दाम नरम ठेवत. १९०१ च्या सुमाराच्या मर्सिडीज ३५ अश्वशक्ती गाडीत ही झडपही कॅमने उघडू लागली. असा बदल रूढ होत गेला तशा स्प्रिंगा कडक झाल्या.

मुंबईत एंजिनांच्या या पिढ्या एकामागून एक आल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने येथे जुळणी केलेल्या विलीज जीपचे मूळ एंजिन साइड-व्हॉल्व्ह होते. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या १०८९ घ. सेंमी. एंजिनात मात्र आठही झडपा हेडमध्ये आहेत. हेड उतरवले की वाट्या उघड्या दिसतात. साधा सी-आकाराचा कॉम्प्रेसर पुरतो.

निवड त्यामुळे किमतीपेक्षा झडपेच्या जागेवर ठरते. सी-कॉम्प्रेसरच्या चौकटीची खोली हेडच्या कडेपासून झडपेपर्यंत पोहोचली पाहिजे आणि त्याचा पाय वाटीच्या व्यासाला जुळला पाहिजे. दुहेरी कॅमच्या एंजिनात वाटी बकेट टॅपेटच्या (बादलीच्या आकाराच्या टॅपेटच्या) अरुंद विहिरीत खोल असते. तेथे बाजूला खिडकी असलेली नळी जोडावी लागते आणि ती विहिरीच्या भिंतीला घासता कामा नये. त्या भिंतीवर ओरखडा पडला तर टॅपेट अडकते. हेड न उतरवता काम करायचे असल्यास तरफेचा प्रकार वापरतात, पण सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून झडप वर रोखून धरावी लागते.

दाबण्यापूर्वी वाटीवर सॉकेट ठेवून हलका ठोका द्यावा, म्हणजे चिकटलेली लॉक सुटतात. हे न करता स्क्रू आवळत राहणे ही सर्वांत घातक सवय आहे: दांडा वाकतो किंवा लॉक उडून डोळ्याला लागते. लॉक दिसतील इतकेच दाबावे व ती चुंबकाने उचलावी. झडपा क्रमाने मांडून ठेवाव्यात. जोडताना लॉक ग्रीसने चिकटवतात; कॉम्प्रेसर सावकाश सैल करून दांड्याच्या टोकावर मऊ हातोडीने टकटक करतात.

सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सींत झडपेची बैठक लवकर झिजू शकते, कारण हे इंधन कोरडे असते. पावसाळ्यात तुंबलेले पाणी एंजिनात शिरून तसेच राहिले तर झडपांचे दांडे गाइडमध्ये (दांडा ज्यातून सरकतो त्या नळीत) गंजून धरतात. अशा झडपेची लॉक निघाली तरी ती सहज उतरत नाही. दांड्याचा गंज आधी भेदक तेलाने सोडवावा लागतो. हत्यार मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळते.