फेरारी ३०८ : जीटीबी व जीटीएस

इटलीतील मारानेल्लो येथील फेरारी कंपनीची मध्यभागी इंजिन असलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. बाह्यरूपाचे आरेखन पिनिनफारिना या इटालियन आरेखन-कंपनीचे, इंजिन २,९२६ घ. सेंमी.चे आठ सिलिंडरांचे व्ही-८. बंद छताची जीटीबी १९७५ च्या पॅरिस प्रदर्शनात आली, छताचा भाग काढता येणारी जीटीएस १९७७ मध्ये. दहा वर्षे बाह्यरूप फारसे बदलले नाही. फरक आहे तो आतल्या यंत्रणेत आणि पत्र्यात, आणि आजची किंमत त्यावरच ठरते.

सर्वांत मोलाची मानली जाते ती सुरुवातीची, फायबरग्लासच्या बॉडीची जीटीबी. इटालियनमध्ये तिला ‘वेत्रोरेझिना’ म्हणतात. १९७७ पर्यंत अशा ७१२ गाड्या निघाल्या, मग कंपनी पोलादी पत्र्याकडे वळली. फायबरग्लासची गाडी वजनाला हलकी आणि बॉडीला गंज नाही. समोरच्या काचेचा खांब छताला मिळतो तिथली बारीक सांध्याची रेघ ही तिची खूण. पोलादी गाडीच्या जवळपास दुप्पट भावाची मागणी तिच्यासाठी अनेकदा होते, आणि संख्या पाहता ती अवाजवी वाटत नाही.

१९८० पर्यंतच्या गाड्यांना वेबरचे चार कार्ब्युरेटर होते. युरोपातल्या गाडीची शक्ती २५५ अश्वशक्ती सांगितली जाई. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर बॉशचे इंधन-इंजेक्शन आले आणि जीटीबीआय-जीटीएसआयची शक्ती २१४ वर उतरली. अमेरिकेसाठीच्या गाड्यांत ती त्याहूनही कमी. म्हणून ही १९८०–८२ ची जोडी आजही सर्वांत स्वस्त मिळते. रोज चालवायला मात्र ती शांत आणि भरवशाची आहे, एवढ्या उपेक्षेला ती पात्र नाही.

१९८२ मध्ये प्रत्येक सिलिंडरला चार झडपा देऊन ‘क्वात्रोव्हाल्वोले’ आली आणि शक्ती २४० पर्यंत परतली. एरवी उघड्या छताच्या गाडीला भाव जास्त असतो. इथे उलटेही घडते, कारण क्वात्रोव्हाल्वोले जीटीबी ७४८च निघाल्या, जीटीएस मात्र ३,०४२. शिवाय १९८४ पासून गंजरोधक जस्तलेपित पत्रा वापरला गेल्याने शेवटच्या वर्षांच्या गाड्या जाणकार शोधून घेतात. १९८५ मध्ये फेरारी ३२८ या नव्या मॉडेलने ३०८ ची जागा घेतली.

वर्षाइतकेच वजन स्थितीला आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ राखणारा पट्टा) ठरावीक मुदतीत बदलल्याची कागदपत्रे, मूळ इंजिन आणि मूळ रंग नसतील तर दुर्मीळ वर्षाची गाडीही साध्या गाडीच्या भावात जाते.