आर्टेमिसच्या छातीवर खरंच अनेक स्तन आहेत का?

इफेसस या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन ग्रीक शहरातल्या आर्टेमिस देवीच्या मूर्तीचा फोटो फिरतो तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं : 'अनेक स्तनांची मातृदेवता'. हा समज फार जुना आहे. चौथ्या शतकात संत जेरोमनेच तसं लिहिलं. तो ख्रिस्ती धर्मपंडित, या देवीच्या पूजेचा विरोधक. त्यामुळे त्याचं वर्णन भक्ताचं नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पुढे १५६८च्या सुमारास इटलीतल्या टिवोलीच्या व्हिला देस्ते या महालाच्या बागेत तिच्या छातीतून पाण्याच्या धारा सोडणारं कारंजंच उभं राहिलं आणि समज पक्का झाला.

आता मूर्तीच नीट पाहा. १९५६मध्ये इफेससला सापडलेल्या, आज सेल्चुकच्या संग्रहालयात असलेल्या संगमरवरी मूर्तींवर, ज्यांना स्तन म्हणतात त्या गोळ्यांना स्तनाग्रं नाहीत. ते छातीच्या खाली, जवळजवळ कमरेपर्यंत ओळीने लोंबतात. शिवाय ग्रीसमधल्या टेगेआच्या शिल्पपटात, जो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दाढीवाल्या झ्यूस या पुरुष देवाच्या छातीवरही असेच गोळे दिसतात! मला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

मग ते काय? बळी दिलेल्या बैलांची वृषणं, असं १९७९मध्ये पुरातत्त्वज्ञ सायटर्ले यांनी सुचवलं. पण इफेससच्या तिच्या मंदिराच्या उत्खननात थेंबाच्या आकाराचे अंबरचे (झाडाच्या गोठलेल्या राळेचे) लोलक सापडले आहेत. म्हणजे देवीच्या जुन्या लाकडी मूर्तीला चढवलेला दागिना, आणि नंतरच्या शिल्पकारांनी तोच दगडात कोरला, हे मला जास्त पटतं. ग्रीसमधली धनुष्यधारी, कुमारी शिकारीण आर्टेमिस तर अशी कधीच दाखवली जात नसे.