नगरपरिषदेचे जुने संकेतस्थळ बदलायचे आहे? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम काढली. तिच्या सात मुद्द्यांत संकेतस्थळ आले आणि नगरपरिषदांची एकच धावपळ उडाली. पहिल्या पानावर माजी नगराध्यक्षांचा फोटो, ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारी आठ वर्षांपूर्वीची निविदा, खाली अडकून पडलेला भेटींचा आकडा, असे चित्र अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. आत डोकावले तर जूमला ३ किंवा ड्रुपल ७. संकेतस्थळ चालवणारी ही सॉफ्टवेअरे वाईट नव्हती. पण जूमला ३ ची देखभाल ऑगस्ट २०२३ मध्ये थांबली आणि ड्रुपल ७ ची ५ जानेवारी २०२५ रोजी. त्यानंतर सापडलेली भगदाडे बुजवायला मूळ मंडळी येणार नाहीत. त्यामुळे बदल करावाच लागणार. अडचण अशी की बहुतेक प्रस्ताव डिझाइनमुळे किंवा पैशामुळे परत येत नाहीत, कागदांमुळे येतात. आणि ते कागद कोणते, हे एका जागी कोणी सांगत नाही.

अर्ज कोणी करायचा

सरकारी पत्ता, म्हणजे शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असलेले डोमेन, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून (एनआयसी) मिळते आणि ते फक्त शासकीय संस्थांना मिळते. नगरपरिषद आणि नगरपंचायत ही घटनेनेच मान्य केलेली स्थानिक स्वराज्य संस्था आहे, म्हणून पात्रतेचा प्रश्नच नाही. प्रश्न येतो तो अर्जदार कोण याचा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या पदाने जातो. ‘सर, तुम्ही काळजी करू नका, आम्हीच भरतो’ असे एजन्सीवाला प्रेमाने म्हणतो, स्वतःचा जीमेल टाकतो, स्वतःचा मोबाइल टाकतो आणि अर्ज परत येतो. कधी कधी जुन्या खासगी डोमेनच्या बाबतीत तो परत आला नव्हता, हेच खरे दुखणे आहे. त्यावर पुढे येतो.

प्रशासकीय संपर्क म्हणून कार्यालयातला अधिकारी आणि त्याचा सरकारी ईमेल लागतो. तो ईमेल नसेल तर आधी तो मागवा. बाकी सगळे नंतर. आणि कृपा करून ईमेल पदाच्या नावाने घ्या, व्यक्तीच्या नाही. मुख्याधिकारी बदलून जातात, ओटीपी मात्र त्यांच्याच मोबाइलवर जात राहतो. मग दोनशे किलोमीटरवरच्या नव्या गावात बैठकीत बसलेल्या साहेबांना इकडचा लिपिक फोन करून सहा आकडे विचारतो. साहेब भले असतात, दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा फोन उचलत नाहीत. कार्यालयाच्या नावे एक सिमकार्ड घ्या आणि ते सिम, तो ईमेल व डोमेनचे लॉगिन हे तिन्ही पदभार हस्तांतरणाच्या यादीत लिहा. कपाटाच्या किल्ल्या लिहितो तसेच.

पत्र कसे असावे

अधिकृत लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का, पदनाम. यात सांगण्यासारखे काही नाही, तरी जावक क्रमांकाची जागा रिकामी ठेवून गेलेली पत्रे असतातच.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. लेटरहेडवर किंवा संकेतस्थळाच्या माथ्यावर सिंहमुद्रा लावू नका. राजचिन्हाच्या वापराबाबत २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम आहेत आणि त्या नियमांत विशेष अधिकार नसलेल्या ज्या संस्थांना मनाई आहे, त्यांत नगरपरिषदेचे नाव स्पष्ट आहे. एजन्सीला वाटते सिंह लावले की सरकारी दिसते. तुमच्या नगरपरिषदेचे स्वतःचे बोधचिन्ह असते, तेच वापरा. त्याची चांगली प्रत नसेल तर जुन्या शिक्क्यावरून काढून घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेले धुरकट चित्र चालणार नाही.

कोणाकडेच नसलेला कागद

जुने संकेतस्थळ बंद करून नवे आणायचे तर जुन्याचा ताबा हवा. इथे घाईघाईने काम करणारेही थबकतात, कारण फाइलमध्ये कार्यादेश असतो, देयक असते, पण ताबा मिळाल्याचा कागद नसतो. डोमेन एजन्सीच्या नावावर, होस्टिंग एजन्सीच्या खात्यात, सीएमएसचा, म्हणजे मजकूर चढवण्या-बदलण्याच्या प्रणालीचा, मुख्य पासवर्ड एजन्सीच्या एका मुलाकडे आणि तो मुलगा पुण्याला दुसऱ्या कंपनीत. लेखापरीक्षकाने विचारले तर नगरपरिषदेने दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे दिलेले दिसतात, मालकी मात्र कागदावर दुसऱ्याची.

म्हणून नव्या निविदेच्या आधी जुन्या एजन्सीला लेखी पत्र द्या: डोमेनचे हस्तांतरण, डेटाबेसची प्रत, अपलोड केलेल्या सगळ्या फाइलींचा फोल्डर, स्रोत कोड आणि प्रशासक लॉगिन अमुक तारखेपर्यंत द्यावे. पत्राची पोच घ्या. जुन्या कराराची काही रक्कम किंवा सुरक्षा ठेव अजून देणे असेल तर ती सोडण्यापूर्वी हे सगळे हातात घ्या. एकदा देयक निघाले की फोन लागत नाहीत, हे सांगायला मला आनंद होत नाही.

नव्या करारात हेच कलम पहिल्या दिवसापासून घाला. डोमेन व होस्टिंग नगरपरिषदेच्या नावे, कोड व डेटा नगरपरिषदेचा, करार संपताना हस्तांतरण विनामूल्य आणि शेवटचा हप्ता हस्तांतरणानंतरच. हे कलम नसलेला करार कितीही स्वस्त असला तरी महागातच पडतो.

जुने डोमेन ‘आता काय कामाचे’ म्हणून सोडूनही देऊ नका. घरपट्टीच्या छापील बिलांवर, पाणीपट्टीच्या पावत्यांवर, जन्म दाखल्याच्या रांगेतल्या फलकावर तोच पत्ता असतो. मुदत संपलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो. उद्या तिथे रमीची जाहिरात लागली किंवा घरपट्टी भरण्याचे बनावट पान आले तर लोक शिव्या तुम्हालाच घालतील. निदान काही वर्षे ते भरत राहा आणि त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर वळवा.

निविदा काढायची की एनआयसीची सेवा घ्यायची

लहान नगरपरिषदांना माझा सल्ला सरळ आहे: एनआयसीची एस३वास ही तयार संकेतस्थळ देणारी सेवा आधी पाहा. राज्यातील जिल्ह्यांची संकेतस्थळे त्यावरच चालतात. सीएमएस तयार मिळतो, सुरक्षेचा व देखभालीचा मोठा भार त्यांच्याकडे राहतो आणि तुमचा लिपिक स्वतः सूचना चढवू शकतो. हवे तसे चकचकीत पान मिळत नाही, हे खरे. पण गावाला चकचकीत पान नको असते, पाणी कधी येणार ते हवे असते.

घरपट्टीचा ऑनलाइन भरणा, परवाने, दाखले ही स्वतंत्र प्रणाली आहे. ती नव्या संकेतस्थळात कोंबू नका; दुवा द्या. ‘सगळे एकाच ठिकाणी’ अशा मागणीने भरलेली कार्यकक्षा तांत्रिक मान्यतेत अडकते आणि सहा महिने तिथेच राहते.

निविदा काढायचीच असेल तर सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, तरतूद आणि खरेदीचे ताजे शासन निर्णय, ही नेहमीची वाट. ठरावात एक चूक वारंवार दिसते: ‘संकेतस्थळ अद्ययावत करणे’ असे लिहितात आणि मग नवी प्रणाली, स्थलांतर, सुरक्षा परीक्षण, प्रशिक्षण यांचा खर्च ठरावात बसत नाही. लेखाआक्षेप तिथेच निघतो. ठरावाच्या भाषेत हे चारही शब्द आले पाहिजेत.

सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत

संकेतस्थळ खासगी एजन्सीकडून बनवले असेल तर चालू करण्यापूर्वी सर्ट-इनच्या (संगणक सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नामिकेवरील परीक्षकाकडून सुरक्षा परीक्षण लागते. बनवणारी एजन्सी स्वतःच परीक्षण करू शकत नाही. यादी सर्ट-इनच्या संकेतस्थळावर आहे; ‘आमचे सर्टिफाइड आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

पहिल्या तपासणीत त्रुटी निघतातच, त्या दुरुस्त करून पुन्हा तपासावे लागते. कामाच्या वेळापत्रकात हा दुसरा फेरा कोणीच धरत नाही. आणि प्रमाणपत्रावर ‘एक वर्ष वैध’ असे दिसले की सगळे निश्चिंत होतात. खालची ओळ वाचत नाहीत: वैधता तपासलेल्या आवृत्तीपुरती असते. मध्ये एजन्सीने नवा फॉर्म जोडला, प्लगइन बदलले, की ते प्रमाणपत्र त्या नव्या भागाला लागू राहत नाही. सूचना चढवणे, फोटो बदलणे याने काही बिघडत नाही. कोड बदलला तर बिघडते. मोठा बदल करायचाच असेल तर परीक्षणाआधी करून घ्या.

हॅकिंग झाले तर सर्ट-इनला कळवण्याची मुदत सहा तासांची आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतली ही मुदत घटना लक्षात आल्यापासून मोजतात, ‘सोमवारी कार्यालय उघडल्यावर’ पासून नाही. त्याच निर्देशांत लॉग, म्हणजे सर्व्हरवरील हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायला सांगितले आहे. होस्टिंगवाल्याकडून हे लेखी घ्या.

माहितीच्या अधिकाराचे १७ मुद्दे

माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून जाहीर करायचे १७ मुद्दे आहेत. कायद्यात त्यासाठी १२० दिवस दिले होते. त्याचा अर्थ बऱ्याच कार्यालयांनी ‘२००५ मध्येच झाले’ असा घेतला. त्या तरतुदीतच पुढे दरवर्षी अद्ययावत करण्याचे सांगितले आहे. नव्या संकेतस्थळावर जुनी फाइल जशीच्या तशी चढवली तर त्यात निवृत्त झालेले जन माहिती अधिकारी सापडतात आणि अपील तिथूनच सुरू होते. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालची यादीही तशीच: सेवा, पदनिर्देशित अधिकारी, मुदत, प्रथम व द्वितीय अपील अधिकारी. नावे बदलली की त्या दिवशीच बदला. सीएमएस घेतला तो याचसाठी.

मजकूर हलवताना

जुना मराठी मजकूर बहुधा सुरेख, श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमध्ये आहे. तो युनिकोडमध्ये नेल्याशिवाय नव्या पानावर फक्त निरर्थक रोमन चिन्हे दिसतील. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांनी काढलेला मजकूर माणसाने वाचायलाच हवा. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आकडे बदलतात. ठरावाच्या तारखेत किंवा सर्व्हे क्रमांकात आकडा चुकला तर ती टंकनाची चूक राहत नाही, वाद होतो. म्हणून सगळे हलवू नका. संपलेल्या निविदा जुन्या संग्रहात ठेवा, आजचे लागणारे तेवढे नीट तपासून आणा.

स्कॅन केलेले पीडीएफ हा दुसरा रोग. शासकीय संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वे, २०२३ पासून त्यांची तिसरी आवृत्ती लागू आहे, दृष्टिबाधितांना पडदावाचकाने वाचता यावे असा मजकूर मागतात. सही केलेला आदेश स्कॅन करून टाकायचा असेल तर शेजारी टंकलेला मजकूरही द्या. तो तुमच्या संगणकात आहेच. त्यावरूनच तर छापला.

याच तत्त्वांत मजकूर कोण देणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार याचे लेखी धोरण, जुना मजकूर केव्हा काढायचा याचे धोरण आणि फेरतपासणीचे धोरण मागितले आहे. गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी एसटीक्यूसी या केंद्राच्या तपासणी संस्थेकडे गेलात की हे पहिल्यांदा विचारतात आणि हेच कोणाकडे नसते. एजन्सी दुसऱ्या कार्यालयाचे धोरण कॉपी करून देते. त्यात ‘आयुक्त’ तसेच राहिलेले असतात, आणि तुमच्याकडे आयुक्त नाहीतच. एका पानात लिहा: सूचना विभागप्रमुख देणार, संगणक अभियंता चढवणार, कार्यालय अधीक्षक तपासणार, मुख्याधिकारी मान्य करणार. सही घ्या. चढवणारा रजेवर असेल तेव्हा कोण, हेही त्यात लिहा. निवडणूक जाहीर झाली की पदाधिकाऱ्यांचे फोटो त्याच दिवशी काढावे लागतात आणि तेव्हाच नेमका तो रजेवर असतो.