ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस

ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एक लहानसे खेडे असून १८४५ ते १८९२ या काळात ते ॲपोमॅटॉक्स काउंटीचे (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) मुख्य ठिकाण होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे जनरल रॉबर्ट ई. ली यांनी येथे उत्तरेचे जनरल युलिसिस ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि त्यामुळे गावाचे नाव इतिहासात राहिले. ही शरणागती न्यायालयाच्या इमारतीत झाली असा समज नावामुळे सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. काउंटीच्या नावापुढे ‘कोर्ट हाउस’ हे शब्द जोडून तेथील मुख्य गावाचा उल्लेख करण्याची व्हर्जिनियात रीत होती; आपल्याकडे ‘तालुक्याचे गाव’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. शिवाय त्या दिवशी रविवार असल्याने न्यायालय बंदच होते.

गावाचे मूळ नाव क्लोव्हर हिल. रिचमंड ते लिंचबर्ग या रस्त्यावर प्रवासी घोडागाड्या धावत, आणि त्या उतारूंच्या जेवणाची व मुक्कामाची सोय करण्यासाठी १८१९ मध्ये येथे ‘क्लोव्हर हिल टॅव्हर्न’ ही विटांची सराई बांधण्यात आली. पुढे बकिंगहॅम, प्रिन्स एडवर्ड, शार्लट आणि कॅम्बेल या चार काउंट्यांतून काही भाग काढून १८४५ मध्ये नवी काउंटी स्थापन झाली, तेव्हा तिचे ठाणे याच सराईच्या वस्तीत आले. लगेचच न्यायालयाची इमारत उभी राहिली. तिच्याभोवती तुरुंग, वकिलांच्या कचेऱ्या, दुकान आणि काही घरे झाली. न्यायालय भरण्याच्या दिवशी आसपासचे शेतकरी खटल्याखेरीज जमिनीचे कागद, देणीघेणी, घोड्यांचे सौदे आणि राजकारणाच्या गप्पा अशी दहा कामे घेऊन गावात येत. या व्यवहारांत गुलामांची खरेदी-विक्रीही असे. काउंटीची बरीचशी मदार तंबाखूवर होती आणि १८६० च्या जनगणनेनुसार तिच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसे गुलामगिरीत होती. खेड्याचा पुढचा इतिहास सांगताना ही बाब अनेकदा बाजूला पडते.

गावाच्या उतरणीला युद्धाच्या आधीच सुरुवात झाली होती. १८५४ मध्ये साउथ साइड रेल्वे आली, पण ती गावातून न जाता सुमारे पाच किलोमीटरवरच्या ॲपोमॅटॉक्स स्टेशनवरून गेली. घोडागाड्यांची वर्दळ आटली आणि व्यापार रुळांकडे सरकू लागला. तरीही कचेऱ्या आणि न्यायालय गावातच असल्याने आणखी काही दशके त्याचा टिकाव लागला. १८६५ मध्ये ली यांच्या माघारीचा शेवटही याच रेल्वेशी बांधलेला होता. उपाशी सैन्यासाठी स्टेशनवर रसदीच्या गाड्या आल्या होत्या. ८ एप्रिलला उत्तरेचे जनरल कस्टर यांच्या घोडदळाने त्या काबीज केल्या आणि पुढची वाट अडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या परिसरात अखेरची चकमक झाली. तीत हॅना रेनॉल्ड्स ही गुलाम स्त्री तोफगोळ्याने जबर जखमी झाली. ती त्याच दिवशी मरण पावली असे दीर्घकाळ मानले जाई; नंतरच्या संशोधनातून तिचा मृत्यू १२ एप्रिलला, म्हणजे शरणागतीनंतर, झाल्याचे दिसून आले. दुपारी ली आणि ग्रँट यांची भेट विल्मर मॅकलीन यांच्या घराच्या दिवाणखान्यात झाली आणि ती सुमारे दीड तास चालली. हे मॅकलीन पूर्वी मनॅसस जंक्शनजवळ राहत. १८६१ मध्ये युद्धातील पहिली मोठी लढाई तेथे झाली, तेव्हा त्यांच्या शेतावर दक्षिणेच्या सेनापतीने मुक्काम ठोकला होता. नंतर ते कुटुंबासह या आडगावी येऊन राहिले होते. शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत ग्रँट यांचे सहायक ईली पार्कर यांनी लिहिली. ते सेनेका या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीचे होते. बैठक संपताच अधिकाऱ्यांनी खोलीतले सामान आठवण म्हणून उचलायला सुरुवात केली. उत्तरेचे जनरल शेरिडन यांनी ज्या टेबलावर ग्रँट यांनी अटी लिहिल्या ते वीस डॉलरला घेऊन कस्टर यांच्या पत्नीला भेट दिले, तर मॅकलीन यांच्या लहान मुलीची चिंध्यांची बाहुलीही कोणी तरी घेऊन गेले. क्लोव्हर हिल टॅव्हर्नमध्ये छापखाना थाटून सुमारे तीस हजार सुटकेचे परवाने छापण्यात आले आणि ते खिशात घालून ली यांचे सैनिक घरोघरी परतले. १२ एप्रिलला त्यांच्या पायदळाने गावातल्याच रस्त्यावर बंदुका खाली ठेवल्या.

या प्रसिद्धीचा गावाला फारसा उपयोग झाला नाही. कर्ज न फिटल्याने मॅकलीन यांचे घर १८६९ मध्ये लिलावात गेले. १८९२ मध्ये न्यायालयाची इमारत आगीत भस्मसात झाली आणि ती पुन्हा बांधण्याऐवजी काउंटीचे ठाणे स्टेशनजवळच्या वस्तीत, म्हणजे आजच्या ॲपोमॅटॉक्स शहरात, हलवण्यात आले. ज्यामुळे गाव टिकून होते तेच गेले. त्याच सुमारास बाहेरच्या गुंतवणूकदारांनी मॅकलीन यांचे घर विकत घेतले होते. ते प्रदर्शनात मांडावे किंवा वॉशिंग्टनला नेऊन तेथे संग्रहालय करावे, असे त्यांचे मनसुबे होते. १८९३ मध्ये घर उतरवले गेले, पण पैशाअभावी ते कोठेच गेले नाही. विटांचे आणि लाकडांचे ढीग सुमारे पन्नास वर्षे उघड्यावर पडून राहिले, त्यांत लाकडे कुजली आणि जो तो येईल तसा विटा नेत राहिला.

१९३५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्मारकाचा कायदा केला आणि १९४० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धाने काम थांबले. घर जुन्या जागीच पुन्हा बांधून १९४९ मध्ये लोकांसाठी खुले झाले. घर उतरवताना गुंतवणूकदारांनी काढून घेतलेले नकाशे आणि मोजमापे या कामी आली, हे विशेष. पुढच्या वर्षीच्या उद्घाटनाला ग्रँट आणि ली या दोघांचेही वंशज हजर होते. न्यायालयाची इमारत १९६० च्या दशकात नव्याने उभारली गेली. तिच्यात आता खटले चालत नाहीत, तर पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. टॅव्हर्न, मीक्स यांचे दुकान आणि तुरुंग या इमारती मात्र मूळच्याच आहेत.