गव्हाणीतून दुधात: पशुखाद्यातल्या विषाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात सरकी पेंडीच्या पोत्याच्या तळाशी हात घातला की ढेकळं लागतात. फोडली तर आत हिरवट-पिवळी भुकटी आणि नाकात बसणारा कुबट वास. आपल्या जेवणातलं असतं तर उकिरड्यावर गेलं असतं. पेंड मात्र भिजवून आंबोणात जाते. ‘जनावराला काय होतंय!’ हा हिशोब काही आपल्याकडचाच नाही, जगभर तोच चालत होता. तो चुकतोय हे उघड झालं ते मात्र गाई-म्हशींमुळे नाही, टर्की पक्ष्यांमुळे.

१९६० मध्ये इंग्लंडात काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली. साथ वाटली, पण रोगजंतू काही सापडेना, म्हणून नाव पडलं ‘टर्की एक्स’. माग काढत गेल्यावर सगळे ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोचले. १९६१ मध्ये त्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली आणि तिच्याच नावातली अक्षरं घेऊन विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन. अतिनील प्रकाशात निळं चमकणारं ते ‘बी’, हिरवं चमकणारं ते ‘जी’.

दुधात सापडणारा ‘एम’ हा प्रकार मागून कळला, आणि दूधवाल्यांचा संबंध त्याच्याशीच. १९६३ मध्ये इंग्लंडातल्या वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की विषारी पेंड खाल्लेल्या गाईच्या दुधाचा अंश बदकाच्या पिल्लांना दिला, तर त्यांच्या यकृताला तीच इजा होते. गाईच्या यकृतात ‘बी’ गटातल्या बी-१ चं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा साधारण एक ते सहा टक्के भाग असा बाहेर पडतो, भरपूर दूध देणाऱ्या जनावरात जास्त. दूध उकळून ते जात नाही. तशी पेंड बंद केली की मात्र तीन-चार दिवसांत दूध पूर्वपदावर येतं. म्हणजे तोट्याचा सौदा तो एवढाच: एक पोतं टाकून देणं.

माणसाचा थेट बळी जायला आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात मका भिजला आणि त्याला हीच बुरशी लागली. आदिवासी घरांत दुसरं खायला नव्हतं, तोच खाल्ला. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. कावीळ, पोटात पाणी. त्याच घरांतली कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. आपल्याकडे बुरशीचा मका टाकून न देता भरडा करून गोठ्यात नेतात, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

रसायनांची कथा वेगळ्या वाटेने आली, निव्वळ घोटाळ्यातून. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एकच कंपनी दोन माल बनवत होती: गाईंच्या खाद्यात मिसळायचं मॅग्नेशियम ऑक्साइड, नाव न्यूट्रीमास्टर, आणि आग पसरू नये म्हणून प्लास्टिकात घालायचं पीबीबी, नाव फायरमास्टर. नावं मिळतीजुळती, पोती अदलाबदल झाली. गाई खाईनात, दूध आटलं. एका दुग्धव्यावसायिकाला केमिकल इंजिनिअरिंग येत होतं, त्याने चिकाटीने तपास लावून धरला. कारण कळायला १९७४ चा वसंत उजाडला, तोवर दूध-मांस घराघरांत पोचलं होतं. सुमारे ३० हजार गुरं आणि १५ लाख कोंबड्या माराव्या लागल्या. पीबीबी चरबीत साठतं, वर्षानुवर्षं निघत नाही. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये खाद्याच्या चरबीत पीसीबी आणि डायऑक्सिन ही विषारी रसायनं गेली. ते प्रकरण दडपल्याच्या संतापात तिथलं सरकार निवडणूक हरलं.

आपल्याकडे ‘गॅमेक्सिन’ ही कीटकनाशक पावडर कुणाला आठवत नाही? शेतातली, धान्याच्या कोठीतली ही पावडर चाऱ्यातून दुधात गेली. १९९३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अहवालात १२ राज्यांतल्या दुधाच्या बहुतेक नमुन्यांत तिचे आणि डीडीटीचे अंश होते. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली.

बुरशीवर कुणी बंदी घालणार? एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. युरिया-डिटर्जंटच्या दुधावर आपण तावातावाने बोलतो. असे भेसळीचे घातक नमुने निघाले १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर होतं ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के. ती मर्यादाही किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपातल्या मर्यादेच्या दहापट सैल. मग विकत मिळणाऱ्या पशुखाद्याला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, मानक सक्तीचं करायचा आदेश निघाला. त्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम. मुदत मग पुढे पुढे सरकत राहिली. आणि घरचा भरडा, सुटी पेंड, झाकण नीट न बसलेला मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), यांना कुठलंच लेबल नसतं. तिथे तपासनीस एकच, धार काढायला बसण्याआधी पोत्यात हात घालणारा.