बहिणींच्या गोष्टींचा संच: घेण्याआधी वाचावं असं काही

पाच पुस्तकांचा हा संच आम्ही विकतो आणि वाचायला भाड्यानेही देतो. गल्ल्यावर नेहमी दोन प्रश्न येतात: ‘मुलीला यातलं कुठलं देऊ?’ आणि ‘आधी कुठलं वाचू?’ गर्दीच्या वेळी नीट उत्तर देणं जमत नाही, म्हणून हे पत्रक.

बहिणींच्या गोष्टी म्हटलं की कोणाचं लग्न कोणाशी लागलं एवढंच पुष्कळांच्या लक्षात राहतं. आम्ही सांगतो, आधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. गोव्यातल्या वाचकाला यातलं मर्म चटकन कळतं. आपल्याकडे घर विकायचं तर नवऱ्याच्या सहीशेजारी बायकोची सही लागते, आणि वाटणीच्या वेळी लग्न होऊन गेलेल्या बहिणीही हक्काने कागदावर येतात. १८६७ सालचा पोर्तुगीज नागरी कायदा १८७०पासून इथे लागू झाला. मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता एकट्या मुलाला देणं बापाला आजही शक्य नाही. त्याच्या वाट्यातला निम्मा भाग मुलगे-मुली सगळ्यांसाठी राखून ठेवावाच लागतो. (नोटरीसमोर बसून भावासाठी हक्क सोडणाऱ्या बहिणीही आपण पाहतोच, तो विषय वेगळा.)

हे मनात ठेवून ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ उघडा. जेन ऑस्टिनची ही कादंबरी १८१३ची. घरात पाच मुली, मुलगा एकही नाही. जमिनीला अशी अट जडलेली की बाप गेला की ती पुरुष वारसाकडेच जाणार, म्हणजे कॉलिन्स नावाच्या एका लांबच्या नातेवाइकाकडे. पोरींची लग्नं जमवायला धडपडणाऱ्या आईला वाचक हसतात. बाई बोलते वेडगळपणे, हे खरं; पण हिशोब तिचाच बरोबर आहे. बापाला तो कळतो आणि तो वाचनाच्या खोलीत जाऊन बसतो. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट सत्ताविसाव्या वर्षी त्याच कॉलिन्सशी लग्न करते, तेव्हा तिच्यावर रागावण्याआधी तिच्यापुढे दुसरी कुठली वाट होती याचा विचार करा. वाचनकट्ट्यावर एकाच प्रकरणावर बोलायचं असेल तर शार्लटचं घ्यावं.

त्याच लेखिकेची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ दोन वर्षं आधीची, १८११ची. तिचं दुसरं प्रकरण आम्ही दुकानात उभ्या उभ्या वाचून दाखवतो. मरणाऱ्या बापाने सावत्र बहिणींना सांभाळ म्हणून मुलाकडून शब्द घेतलेला. मुलगा ठरवतो, तिघींना हजार-हजार पौंड द्यायचे. मग बायको बोलायला लागते. हजाराचे पाचशे होतात, मग कधीतरी थोडेफार, आणि शेवटी काय उरतं? सामान हलवायला मदत आणि हंगामात मासळी, शिकार वगैरे भेट! ओरडा नाही, भांडण नाही, सगळं गोडीगुलाबीने. भावजयीचं असं चित्र रंगवायला दुसऱ्या कोणाला एवढ्या कमी पानांत जमलेलं आमच्या तरी पाहण्यात नाही.

तिसरं पुस्तक सगळ्यांच्या ओळखीचं. लुइसा मे ऑल्कॉटची ‘लिटल विमेन’. मराठीत शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ म्हणून आणली. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे, वडील सैन्यात धर्मोपदेशक, घरी आई आणि मेग, जो, बेथ, एमी. इथे बायका कमावतात: मेग मुलांना शिकवायला जाते, जो आधी म्हाताऱ्या आत्याची सोबत करते आणि पुढे गोष्टी लिहून पैसे आणते. युद्धात आजारी पडलेल्या वडिलांकडे निघालेल्या आईच्या हातात ती स्वतःचे केस विकून पंचवीस डॉलर ठेवते. ऑल्कॉटने स्वतः लग्न केलं नाही, पण जोचं लग्न लावावं म्हणून वाचकांनी तिच्यामागे लकडा लावला होता. शेवट पटत नसेल तर त्याचा दोष थोडा त्या वाचकांकडेही जातो.

इंग्रजी प्रत घेताना एक गोष्ट तपासा. ही कादंबरी दोन भागांत आली, १८६८ आणि १८६९ साली. आजही काही प्रतींत फक्त पहिला भाग असतो, आणि दुसरा ‘गुड वाइव्ह्ज’ या नावाने वेगळा विकला जातो. अनुक्रमणिका बघा: सत्तेचाळीस प्रकरणं असली तर पूर्ण, तेवीसच असली तर अर्धी. मुलांसाठीच्या संक्षिप्त प्रती आम्ही ठेवत नाही.

आता मराठी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९०पासून क्रमाने आली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. सख्ख्या बहिणीइतकी जवळची तिची मैत्रीण दुर्गी. दोघींचे संसार शेजारी ठेवून वाचले की पुस्तक जास्त उलगडतं. मुंबईत नवऱ्याबरोबर काढलेले यमूचे दिवस इतके मोकळे आहेत की पुढचं वैधव्य आणि केशवपन वाचवत नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे एकटीला वाचायला देऊ नका; आई, मावशी कोणीतरी बरोबर वाचा.

पाचवं ‘कळ्यांचे निःश्वास’, १९३३. ही कादंबरी नाही, कथासंग्रह आहे. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं कोणी इतक्या उघडपणे लिहिलेलं लोकांना सोसवलं नाही, मोठा गदारोळ झाला. मुखपृष्ठावर नाव होतं विभावरी शिरूरकर. ते टोपणनाव होतं बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर यांचं. ऑस्टिनच्या पहिल्या पुस्तकावरही नावाऐवजी ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच छापलं होतं. मध्ये सव्वाशे वर्षं गेली तरी लिहिणारीला आडोसा लागतच होता.

क्रम विचाराल तर ‘चौघीजणी’ने सुरुवात करा, दुसरं ‘कळ्यांचे निःश्वास’. ऑस्टिन नंतर, आपट्यांची कादंबरी सवडीने. शाळकरी मुलीला पहिलं पुस्तक पुरे. बाकीची दहावीनंतर तिची ती मागून नेईल.

भाड्याने नेताना अनामत रक्कम ठेवावी लागते, पुस्तक परत आलं की ती पूर्ण मिळते. एका वेळी एकच पुस्तक, मुदत एक महिना. जून ते सप्टेंबर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच न्या-आणा आणि भिंतीला टेकून ठेवू नका. ओल लागून बुरशी धरली तर ती प्रत पुढच्या वाचकाला देता येत नाही आणि तिची किंमत अनामतीतून वजा होते. पेन्सिलीच्या खुणा चालतील, पेनाच्या नकोत.