अमोनिया उत्सर्जन : सोलापूरची हवा, माती आणि माळरान

अमोनिया हा नत्र आणि हायड्रोजन यांचा रंगहीन, उग्र वासाचा वायू. पहाटे बंद गोठ्याचे दार उघडताच डोळ्यांना झोंबतो तो हाच. ताज्या गोमूत्रात तो फारसा नसतो. मूत्रातील युरियाची शेणातल्या युरिएझ या विकराशी (एन्झाइमशी) गाठ पडली की काही तासांत तयार होतो. हेच विकर मातीतही असते, त्यामुळे शेतात टाकलेल्या युरियाचीही तीच गत होते. माणसाच्या व्यवहारातून जगभर हवेत जाणारा बहुतांश अमोनिया पशुधन आणि खते यांतूनच येतो.

सोलापुरात या क्रियेला जमिनीचीच साथ मिळते. इथली काळी माती चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे आणि युरियात नत्र ४६ टक्के. वापशावर युरिया फोकला की ओलसर ढेकळावरचा पांढरा दाणा विरघळतो, त्याच्याभोवती सामू आणखी चढतो आणि अमोनिया सुटू लागतो. दाणा दिसेनासा झाला म्हणजे उसाने घेतला, असे वाटते. प्रत्यक्षात त्यातला बराच नत्र वाऱ्यावर गेलेला असतो. कोरडवाहू मालदांडी ज्वारीच्या रानात हा प्रश्न फारसा नाही. तो मुख्यतः उजनी धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या बागायतीचा आहे.

राष्ट्रीय मानकानुसार हवेतील अमोनियाची वार्षिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. मोकळ्या हवेत ती सहसा ओलांडली जात नाही, म्हणून या वायूकडे दुर्लक्ष होते, आणि ते चुकीचे आहे. कोळशाच्या धुरातील गंधक व वाहनांच्या धुरातील नत्राची ऑक्साइडे हवेत आम्ले बनतात. अमोनिया त्यांच्याशी संयोग पावून अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांचे सूक्ष्म कण तयार करतो. हेच पीएम २.५, फुप्फुसात खोलवर जाणारे. वायू बराचसा उगमाजवळच खाली बसतो, पण कण शेकडो किलोमीटर जातात. नायट्रेट उन्हात विघटित होते आणि थंडीत टिकते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे. तिथे रस्त्यावरची धूळ दिसते, शेतातून निघालेला हा वाटा दिसत नाही.

परिसंस्थांची सहनशक्ती माणसापेक्षा कितीतरी कमी. मसाल्यात घालतो ते दगडफूल ज्या शैवाकवर्गातले आहे, त्यासाठी युरोपात ठरवलेली मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे आपल्या मानकाचा शंभरावा भाग. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखी माळराने हलक्या, नत्राला गरीब जमिनीवर टिकली आहेत. अशा ठिकाणी हवेतून नत्र उतरत राहिला तर कुसळी, पवन्या या गवतांच्या आधी जोमदार तणे पुढे सरकतात. गरिबी हीच त्या माळाची श्रीमंती आहे. आम्लीकरणाचा धोका मात्र इथल्या काळ्या रानात कमी, कारण चुनखडी आम्ल शोषते. जी चुनखडी मातीला वाचवते, तीच अमोनियाला हवेत ढकलते. उजनीतील जलपर्णीचे खापर मात्र हवेवर फोडू नये, तिथला नत्र प्रामुख्याने सांडपाण्याचा.

उपाय साधे आहेत. युरिया फोकण्याऐवजी कोळप्याने मातीआड करावा, टाकल्यावर लगेच पाणी द्यावे किंवा ठिबकमधून हप्त्याहप्त्याने सोडावा. गोठ्याला उतार देऊन मूत्र शेणापासून वेगळे काढावे आणि उकिरड्यावर मातीचा थर द्यावा.